चेतकचा पेट्रोल कॉक दोनदा बदलूनही गळतोय, आता काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वडिलांची १९९६ची टू-स्ट्रोक चेतक सिंहगड रोडवरच्या सोसायटीत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असते. सकाळी खाली गेलं की पेट्रोलचा वास येतो आणि शेजारी कुरकुरतात. टाकीखालचा, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक सहा महिन्यांत दोनदा बदलला. दोन्ही वेळा पंधरा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. त्यात सकाळी पंधरा-वीस किका माराव्या लागतात आणि गाडी सुरू झाली की धुराचा लोट. मेकॅनिक म्हणतो, गाडी म्हातारी झाली, काढून टाका. आणि तुम्ही विचारताय, चांगला कॉक पुण्यात कुठे मिळेल?

कॉक नाना पेठेत मिळेल. दुकानदाराला जुना कॉक हातात देऊन दाखवा, नुसतं 'चेतकचा द्या' म्हणू नका, कारण वर्षानुवर्षांत त्यात बारीक फरक होत गेले आहेत. पण तिसरा कॉक बसवूनही तुमची गळती थांबेल असं मला वाटत नाही. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचं खापर कॉकवर फुटलंय. पार्किंगमधला वास हे एक. सकाळच्या किका आणि धूर हे दुसरं. कॉकचा दोन्हींशी संबंध आहे, पण प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने.

मी ३४ वर्षं स्कूटरचं काम करतोय. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक निघत होती तेव्हापासून. लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी आहे ही, आणि 'काढून टाका' हे उत्तर कॉकच्या गळतीला मला मान्य नाही. मात्र गाडी समोर नसताना मी छातीठोकपणे निदान करणार नाही. टाकी आतून किती गंजलीय, आधीच्या माणसाने आटे मारले आहेत का, कोणत्या प्रतीचा कॉक बसवलाय, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून गळती शोधायची कशी ते आधी सांगतो, बदलायचं नंतर.

त्याहूनही आधी एक काम आजच करा. दुरुस्ती होईपर्यंत गाडी इमारतीखाली लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर जाऊन विरत नाही, फरशीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचून राहते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली की ठिणगीने पेटू शकते. पार्किंगमध्ये मीटरचा बोर्ड असतो, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर असतो, कुणी विडी ओढतं, कोपऱ्यातल्या देवापाशी दिवा लागतो. शेजारी वासाची तक्रार करताहेत ती अगदी बरोबर आहे. गाडी उघड्यावर लावा, ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका.

आता कॉक आतून कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. टाकीच्या तळाला भोक आहे, त्यातून कॉक खालून वर घातलेला असतो आणि टाकीच्या आत त्याला नट लागतो. कॉकची एक उंच नळी टाकीत उभी राहते, तिच्यातून नेहमीचं पेट्रोल येतं. पातळी तिच्या खाली गेली की पेट्रोल बंद, मग आपण खटका रिझर्व्हला करतो आणि बुडाजवळच्या भोकातून उरलेलं येतं. बंद, चालू, रिझर्व्ह या तीन जागा ठरतात त्या भोकं पाडलेल्या एका लहानशा रबरी पॅकिंगवर. खटका फिरला की त्याची चकती या पॅकिंगवर घासत फिरते, आणि वरची पट्टी दोन स्क्रूंनी ते सगळं दाबून धरते.

म्हणजे कॉकला गळायला चार जागा झाल्या. टाकी आणि कॉक यांच्या मधला वायसर, म्हणजे वॉशर. खटक्याची चकती आणि पॅकिंग. पाईप जिथे बसतो ती नळी. आणि चौथी जागा, जी बाहेरून दिसतच नाही: पॅकिंग झिजल्यामुळे 'बंद' करूनही पेट्रोल आतल्या आत खाली जात राहतं. आम्ही त्याला कॉक 'पास होतोय' म्हणतो. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि रात्रभर पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरत असतं.

तिथे वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी फ्लोटची पिन शाबूत असेल तर ती पेट्रोल अडवते. पण तीस वर्षांच्या गाडीत पिनच्या टोकाला बहुतेक वेळा खाच पडलेली असते. मग वाटी भरून वाहते, पेट्रोल कार्बोरेटरच्या डब्यात आणि तिथून इंजिनाच्या पोटात जातं. सकाळी तुम्ही किक मारता तेव्हा प्लग ओला असतो. पंधरा-वीस किकांनंतर एकदाची गाडी धरते आणि पोटात साठलेलं ऑइल-पेट्रोल जळून धूर निघतो. तुमचा धूर याचाच असावा असं मला वाटतं. नक्की करायचं तर सकाळी पहिली किक मारण्याआधी प्लग काढून बघा. टिपकत असेल तर शंका मिटली. तसं असेल तर कॉक बंद करा, चावी बंद ठेवा, प्लगची टोपी भोकापासून लांब धरा आणि प्लगविना दहा-पंधरा किका मारून पोट रिकामं करा. हे उघड्यावरच करायचं. जाता जाता गिअर ऑइलचाही वास घ्या. त्याला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर क्रँकचं सील, म्हणजे इंजिनाचं पोट आणि गिअर ऑइल वेगळं ठेवणारं कडं, गेलंय, आणि ते काम वेगळं आहे.

वास नक्की कुठून येतो हे शोधायला फार हत्यारं लागत नाहीत. टू-स्ट्रोकचं पेट्रोल या बाबतीत मदतच करतं. पेट्रोल उडून जातं, पण त्यात मिसळलेलं ऑइल मागे राहतं आणि त्याचा तेलकट डाग पडतो. टाकीच्या बुडाशी, कॉकवर, पाईपवर आणि कार्बोरेटरच्या डब्यात चिंधीने सगळं पुसून कोरडं करा. मग जोडांवर साधी टाल्कम पावडर शिंपडा. गाडीखाली वर्तमानपत्र पसरा. कॉक बंद ठेवून रात्र जाऊ द्या. सकाळी पावडरीवर जिथून ओली रेघ निघालेली दिसेल तिथे गळती. कागदावरच्या डागावर एकट्यावर विसंबू नका, कारण टाकीखालून सुटलेला थेंब पत्र्याच्या पोकळीतून वाट काढत भलतीकडेच पडतो.

दुसरी तपासणी दिवसा, मोकळ्या जागेत. कार्बोरेटरकडचा पाईप काढून छोट्या काचेच्या बाटलीत सोडा, कॉक बंद करा आणि अर्धा तास थांबा. पाईपमध्ये आधीचं असेल तेवढं पेट्रोल येईल, त्यानंतर एक थेंबही येता कामा नये. आला तर कॉक पास होतोय. मग पाईप परत जोडून, कार्बोरेटरच्या डब्याचं झाकण काढून, कॉक चालू करा आणि अर्धा तास नजर ठेवा. डब्यात पेट्रोल उतरायला लागलं तर पिन बदलायची आहे.

आता मुद्द्याचं. दोनदा नवा कॉक आणि दोन्ही वेळा पंधराच दिवस, हे वाचल्यावर मला माझंच एक जुनं काम आठवलं. सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक, त्यांची चेतक. एकाच पावसाळ्यात मी तीनदा कॉक बदलला आणि तिन्ही वेळा ते शांतपणे परत आले. चौथ्या वेळी मी टाकी उतरवून उन्हात उलटी ठेवली आणि आधी काढलेला वायसर तळहातावर घेऊन पाहिला. वायसरवर दाबाचा ठसा गोल, पूर्ण कड्यासारखा उमटायला हवा. माझ्या हातातल्या वायसरवर अर्धी चंद्रकोर होती. उरलेल्या अर्ध्या भागावर दाबच नव्हता. टाकीच्या भोकाभोवती बोट फिरवलं तर एका बाजूला गंजाचा उंचवटा नखाला लागला. तीनही कॉक चांगले होते. टाकीच्या भोकाभोवती वायसर टेकतो ती बैठक मी एकदाही पाहिली नव्हती. त्या दिवसानंतर वायसर पाहिल्याशिवाय मी कॉकला हात लावलेला नाही, आणि हाताखालच्या पोरांनाही लावू देत नाही.

तुमच्या गाडीतही पहिला संशय मला बैठकीचाच आहे. नवा वायसर मऊ असतो, सुरुवातीला उंचवट्याशी जुळवून घेतो. थोड्या दिवसांत दबून कडक झाला की खालच्या बाजूने पेट्रोल पाझरायला लागतं. तुमचे पंधरा दिवस असे जुळतात.

दुसरा संशय बाहेरचा खटका आतल्या कॉकला जोडणाऱ्या दांडीचा. कॉक बसवताना तो जरासा तिरका राहिला तर बाहेरचा खटका 'बंद'वर आलेला दिसतो, पण दांडी पत्र्याला अडून आतला कॉक पूर्ण फिरलेलाच नसतो. एका हाताने खटका फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटाने कॉकची चकती चाचपून बघा. ती शेवटपर्यंत फिरून थांबते, की दांडी आधीच अडते? अडत असेल तर रात्री बंद केलेला तुमचा कॉक खरं तर किलकिला राहतोय. मग सकाळच्या किकांचंही कारण सापडलं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. १९९६ साली ही गाडी घेतली तेव्हा पंपावर इथेनॉल नव्हतं. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला प्रायोगिक मिश्रण सुरू झालं, २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के आलं, २०२२ मध्ये देशभराची सरासरी १० टक्क्यांवर गेली आणि आता पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. आपल्या पुण्यात तर ५ जून २०२१ ला निव्वळ इथेनॉलच्या पंपांचाही प्रयोग सुरू झाला. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण त्या काळची रबरं, बुचाचे वायसर आणि साधे पाईप यासाठी केलेले नव्हते. काही रबर फुगतं, आणि गाडी महिनाभर उभी राहून कोरडं पडलं की आक्रसून तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी तळाशी बसतं, आणि तळ म्हणजेच कॉकची जागा. कॉक उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली तर ती या ओलीचीच.

म्हणून पॅकिंग आणि पिन घेताना 'वायटन'ची आहे का, हे विचारा. वायटन हे इथेनॉलला टिकणारं रबर. पाईपवर छाप असेल तर '३०आर९' शोधा, त्याला आतून तशाच रबराचं अस्तर असतं. हिरवा-पिवळा पारदर्शक पाईप स्वस्त मिळतो, पण उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने तो वर्षभरात काडीसारखा कडक होतो. कडक पाईप नळीवरून सुटतो आणि नाव पुन्हा कॉकचं येतं.

आता प्रत्यक्ष बदलायचं. स्वतः करणार असाल तर इंजिन पूर्ण थंड, जागा उघडी, जवळ वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. आणि हातात बॅटरी चालेल, लोंबता बल्ब नको. टाकीतलं पेट्रोल लोखंडी डब्यात काढा, डबा जमिनीवर टेकवून. पाण्याच्या बाटल्यांत भरून घरात नेऊ नका, हे मला मुद्दाम सांगावं लागतं कारण लोक नेतात.

सीट काढा, टाकीचे बोल्ट काढा, टाकी हळूच उचला. एकदम ओढू नका, खाली पाईप आणि दांडी दोन्ही जोडलेले आहेत. दांडीची दुहेरी पिन पक्कडीने सरळ करून काढा, पाईपची क्लिप सैल करा, मग टाकी हातात येईल. आतला नट पेट्रोल भरायच्या तोंडातून लांब टी-पान्याने सोडावा लागतो. हा पाना याच कामासाठी असतो. तो नसेल तर साध्या पान्याने खालून कॉक पिळून काढायचा प्रयत्न करू नका. जस्ताच्या ओतीव कॉकचे आटे जातात, टाकीचा पत्राही मुरगळतो. पाना नसेल तर टाकी घेऊन गॅरेजमध्ये या, एवढंच काम कुणीही करून देईल.

कॉक निघाला की जुना वायसर फेकू नका. उजेडात धरून ठसा बघा, चंद्रकोर आहे की पूर्ण कडं. मग बैठक साफ करा. उंचवटा असेल तर बारीक कानस अगदी हलक्या हाताने, नंतर सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून. बोट फिरवल्यावर कुठेही खडबड लागता कामा नये. टाकी स्वच्छ पेट्रोलने दोन-तीनदा विसळा आणि ते पांढऱ्या कपड्यातून गाळून बघा. कपड्यावर लाल-काळी भुकटी येतच राहिली तर गंज नव्या कॉकची जाळी महिनाभरात बुजवेल, आणि बारीक कण पॅकिंगवर ओरखडे पाडतील. मग आधी टाकीचा गंज काढून घ्या, कॉक नंतर.

नवा कॉक बसवताना तो कुठल्या दिशेला तोंड करून राहील हे आधी ठरवा. खालून एका हाताने त्याच दिशेला धरून ठेवा आणि दुसऱ्याने वरून नट आवळा. नट फिरताना कॉकही सोबत फिरायला बघतो, दांडी तिरकी होते ती इथेच. आवळताना हाताला वायसर दबल्याचं कळतं, त्यानंतर पाव फेरा पुरे. 'अजून थोडं' म्हणून जोर लावला की वायसर बाहेर फाकतो. एम-सील किंवा सिलिकॉन लावू नका. साबण चोळून गळती थांबवतात तो उपाय रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता ठीक आहे, दुसऱ्या दिवशी तो काढायलाच हवा.

पाईपची लांबी हा तसा बारीकसा विषय, पण त्यात चुका फार होतात. आखूड ठेवला तर टाकी बसवताना कॉकच्या नळीवरून निसटतो. लांब ठेवला तर मध्ये झोळ पडतो किंवा मुरड पडते, आणि गाडी चढावर घुटमळते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतार हवा. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा लावा.

सीट लगेच लावू नका. लिटरभर पेट्रोल घाला, जोडांवर पुन्हा पावडर, अर्धा तास थांबा. मग टाकी भरा आणि पुन्हा बघा, कारण भरल्या टाकीत जोडावर दाब जास्त येतो आणि लिटरभरात न दिसलेली गळती तेव्हा दिसते. कॉकची बाटलीवाली तपासणीही नव्या कॉकवर करून घ्या. नवे कॉकही पास होणारे निघतात. माझ्याकडे दुकानातून आणलेला प्रत्येक कॉक आधी टेबलावर तपासला जातो, मगच गाडीत जातो.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. टाकीच्या सांध्याला किंवा बुडाला भोक पडलेलं दिसलं आणि कुणी म्हणालं की 'टाकी रिकामी आहे, वेल्डिंग मारून देतो', तर टाकी उचला आणि तिथून निघा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मी शिकाऊ होतो तेव्हा शेजारच्या शेडमध्ये दोन दिवस उन्हात वाळवलेली टाकी ज्योत लावताच फुटली. ज्याच्या हातात वेल्डिंगची टॉर्च होती त्याचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. तो वाचला, पण उजव्या हाताची मूठ त्याला पुन्हा नीट वळली नाही. गंजून भोक पडलेल्या टाकीला माझं एकच उत्तर असतं, दुसरी टाकी. नाना पेठेत नवी नाही मिळाली तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चांगली जुनी मिळू शकते. घेताना तोंडातून आत बॅटरी मारून बघा आणि बुडाच्या भोकाभोवती बोट फिरवायला विसरू नका.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: गाडी आज बाहेर काढा, उद्या सकाळी किक मारण्याआधी प्लग बघा, रात्री पावडर आणि कागद, रविवारी बाटली. दांडी अडतेय का हेही त्याच वेळी चाचपा. एवढं झालं की काय विकत घ्यायचं ते आपोआप ठरेल. बैठक किंवा दांडीच दोषी निघाली तर तुमचा सध्याचा कॉक नुसत्या नव्या वायसरवर चालेल. पास होत असेल तर कॉक किंवा त्याचं पॅकिंग, आणि सोबत पिन. पाईप मात्र कुठल्याही परिस्थितीत बदला.

आणि जुना वायसर काढलात की त्याचा ठसा मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.